एका नंबरच्या दोन गाड्या

कोल्हापूर
१२ जानेवारी १९८४

शांताक्का,

बसूचा नमस्कार. दाजींनाबी सांग.

संक्रांतीला कुरुंदवाडला यायला जमणार न्हाय. सुट्टी मागितली की मालक म्हणतो, "सणालाच तर माणसं गाडीत बसत्यात, तू घरात बसून काय करणार?" एस्टीची वाट बघून कटाळलेली माणसं वडून जीपमधी भरायची, म्हणून तर वडाप म्हणत्यात याला. मी कोल्हापूर–जयसिंगपूर करतोय.

तुझ्या शेजारच्या ख्वाजाचं काम झालं. तू लावून धरलंतंस म्हणून मी मालकाची पाठ सोडली न्हाय. त्याला गडहिंग्लज–आजरा लायनीवर घातलाय, राहायला तिकडंच खोली हाय. जरीनाभाभीला म्हणावं घोर करू नको.

एक गंमत सांगतो, पण पोटात ठेव. सयाजीमालकाकडं जिपा दोन, पण नंबर एकच! मी चालवतो ती थोरली. तिचं पासिंग, टॅक्स, सगळं रीतसर. ख्वाजा चालवतो ती धाकटी. ती मिलिटरीच्या लिलावातली, भंगारात घेतलेली. तिला कागद न्हाईत, नंबर न्हाय. मालकानं ज्ञानू पेंटरकडनं थोरलीचाच नंबर, अठ्ठावन्न चौदा, आणखी दोन पाट्यांवर रंगवून घेतला आणि धाकटीला पुढं-मागं बसवला. राहिलं काचेवरचं टॅक्सचं टोकन. गोल कागद असतोय बघ, पोलीस पहिल्यांदा त्येच बघतोय. मालकानं मला आरटीओच्या कचेरीत धाडलं. मी म्हटलं, "साहेब, काच गळाली, टोकन भिजून गेलं, दुसरं द्या." त्यांनी अर्ज घेतला, दुसरं दिलं. नवं थोरलीला, जुनं धाकटीला.

दोघी हिरव्या. शेजारी उभ्या केल्या तर जुळ्या भैनी वाटतील. पण शेजारी उभ्या करायच्या न्हाईत, एवढाच काय तो नियम.

तुझा
बसू


कुरुंदवाड
२४ जानेवारी १९८४

चि. बसूस अक्काचा आशीर्वाद.

पत्र वाचून मला हसू आलं नाही. तू कचेरीत जाऊन तोंडावर खोटं बोललास आणि ते मला गंमत म्हणून लिहितोस. दाजींना मी पत्र दाखवलं नाही.

ख्वाजा शुक्रवारी येऊन गेला. आजऱ्याचे काजू आणले होते, आमच्याकडं पण वाटीभर दिले. सलिमा दिवसभर बापाच्या मानेवरून खाली उतरली नाही. जाताना दारात थांबून मला म्हणाला, "शांताक्का, तुमच्या भावानं माझं घर वर काढलं बघा." मला कुठं बघावं कळेना. नंबरचं तुला माहीत आहे का, असं विचारणार होते, पण मागं जरीना उभी होती.

मला एकच सांग. उद्या धाकटीला काही झालं तर ते कुठल्या गाडीला झालं म्हणायचं? त्या नंबरची गाडी तर जयसिंगपूरला धडधाकट उभी असणार.

अक्का


कोल्हापूर
६ फेब्रुवारी १९८४

शांताक्का,

तू मास्तरीण व्हायला पायजे हुतीस. असलं काय होत न्हाय. ख्वाजाला सगळं ठाव हाय. तो आजऱ्याकडं, मी जयसिंगपूरकडं. त्याची लायन निराळी, माझी निराळी, पोलीसबी निराळा. अशा कितीतरी गाड्या फिरत्यात.

ख्वाजाचं रडगाणं दुसरंच हाय. म्हणतो स्टिअरिंग ढिलं झालंय, उताराला गाडी ऐकत न्हाय. मी मालकाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "शिवरात्रीला आजऱ्यात रामतीर्थाची जत्रा हाय. तेवढी होऊ दे, मग खोलू." बरोबर हाय त्याचं. जत्रेला गाडी आत कोण घालतंय?

जत्रा झाली की आम्ही दोघंबी मिळून येतो. दाजींना सांग, तांबडा रस्सा दाबून खायचाय म्हणून. तू करणार न्हाईस, पण भाभी करतील.

बसू


कुरुंदवाड
५ मार्च १९८४

बसू,

ख्वाजाच्या मातीला सगळी गल्ली होती. तू नव्हतास.

त्याचा मामेभाऊ दिलदार टेंपोतून मयत घेऊन आला. तो सांगत होता, जत्रेची माणसं भरून जीप आजऱ्याला निघाली होती. गावाच्या अलीकडं उतार आहे. तिथल्या वळणाला जीप वळलीच नाही, सरळ गेली आणि शेतात उलटली. ख्वाजा खाली सापडला. गाडीतला एक म्हातारा आणि एक कॉलेजचं पोरगं, तेही गेले. बाकीचे दवाखान्यात आहेत.

जरीना रडत नाही. भिंतीला टेकून बसली आहे, आणि दारात कोण आलं की विचारते, "बसूभाई आले का? त्यांस्नी सगळं ठाव असंल." सांग, मी तिला काय सांगू?

तू का आला नाहीस?

अक्का


कोल्हापूर
१४ मार्च १९८४

अक्का,

मी त्या दिवशी जयसिंगपूर लायनीलाच हुतो. सांजच्याला स्टँडवर कळलं. मालकानं सोडलं न्हाय आणि मलाबी तिथं यायचा धीर झाला न्हाय. भाभीच्या समोर कसा उभा राहणार हुतो?

तिला एवढं सांग की त्याला तरास झाला न्हाय. जागच्या जागी गेला. तिथं जी माणसं हुती त्यांनीच मला सांगितलंय.

नंबरचं मात्र कुणापाशी बोलू नको. दाजींपाशीबी न्हाय.

बसू


कुरुंदवाड
३ एप्रिल १९८४

चि. बसूस आशीर्वाद.

तुझा निरोप मी जरीनाला सांगितला. "जागच्या जागी" हे तिनं माझ्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेतलं. मग आपल्या सासूलाही सांगितलं. त्या रात्री दोघी जेवल्या.

पण आता ऐक. गेल्या आठवड्यात तिकडचे फौजदार चौकशीला आले होते. त्यांचं म्हणणं, उलटलेल्या जीपला नंबर नव्हता. पुढं नाही, मागं नाही, काचेवर टोकन नाही. तुझ्या मालकानं लिहून दिलंय की ही जीप भंगाराची, शेडमध्ये पडून होती, ख्वाजानं न विचारता चोरून नेली आणि जत्रेची माणसं भरली. आपली जीप एकच, ती कोल्हापुरात आहे, हवी तर येऊन नंबर बघा. म्हणजे ख्वाजा चोर, आणि दोन जीव त्यानंच घेतले.

हे आजऱ्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो? त्या म्हाताऱ्याचे मुलगे परवा येऊन दारात उभे राहिले. "चोराचं घर हेच का?" म्हणाले. पाण्याची भांडी लाथेनं उडवली. सासू त्यांच्या पाया पडत होती. सलिमाला मी आमच्या माजघरात घेऊन बसले, तिचे कान दाबून धरले.

बसू, मला एवढं कळतं की गाडी उलटली म्हणून पाटी आपोआप निघत नाही. ती स्क्रूवर असते. फौजदारच म्हणत होते की भोकाभोवतीचा रंग ताजा खरवडलाय. म्हणजे तुझ्या मालकाचा कोणीतरी माणूस तिथं होता. लोक मरत असताना ज्यानं पाट्या काढल्या तो माणूस कसला असेल? तो कोण ते तू शोध. आणि दोन गाड्यांचं तुला माहीत आहे, ते फौजदाराला जाऊन सांग. ख्वाजाला त्या गाडीवर तू बसवलास. आता त्याच्यावरचा डाग तूच पूस.

अक्का


कोल्हापूर
१५ एप्रिल १९८४

अक्का,

तुला वाटतंय तेवढं सोपं न्हाय. दुसरं टोकन मी आणलंय. अर्जावर सही माझी हाय. मी तोंड उघडलं तर पहिला मी आत जाणार आणि मालक जामिनावर घरी जेवणार.

मी मालकाला म्हटलं हुतं, ख्वाजाला चोर तरी म्हणू नका. तो म्हणाला, "मेलेल्याला चोर म्हटलं तर त्याला कुठं लागतंय? जित्या माणसाचं बघ." मी चावी घेऊन लायनीवर गेलो.

मी अजून थोरलीच चालवतोय. तोच नंबर घेऊन फिरतोय. मागनं कुणी हॉर्न दिला की वाटतंय, धाकटीच आली. जेवण जात न्हाय. तो माणूस कोण ते मला ठाव न्हाय. परत विचारू नको.

बसू


कुरुंदवाड
१७ मे १९८४

बसू,

हे पत्र वाचून झालं की जाळ.

पौर्णिमेला नृसिंहवाडीला दर्शनाला आलेली एक बाई विचारत विचारत काल जरीनाच्या दारी आली. चिमणाबाई नाव तिचं. आजऱ्याला काजूच्या कारखान्यात कामाला असते. त्या जीपमध्ये होती. पाय मोडला होता, आता काठी घेऊन चालते. म्हणाली, "त्या डायव्हरनं वळणाआधी वरडून सांगितलं, धरून बसा, गाडी ऐकंना. म्हणून मी दांडीला धरलं आन् वाचले. त्याच्या घरला पाय लावून जायाचं मनात हुतं."

मी तिथंच होते. चहा मीच केला. जरीना म्हणाली, "जागच्या जागी गेले म्हणं." ती बाई म्हणाली, "कुणी सांगितलं? चांगला बोलत हुता की!"

मग तिनं सांगितलं, ते मी जसंच्या तसं लिहिते. "मी बांधाला पडलेले, हलता येईना. मागनं आणि एक तसलीच हिरवी जीप आली. त्यातनं एक जण उतरून पळत आला. मला वाटलं देव आला. वाकला, म्हटलं डायव्हरला काढतोय. तर हातात पेचकस. मागची पाटी काढली, मग पुढची काढाय लागला. डाव्या हातानं पेच फिरवत हुता, आन् जीभ अशी दातात धरलेली, पोरं पाटीवर लिवताना धरत्यात तशी. काचेवरचा गोल कागदबी वरबाडून घेतला. तवर जत्रेची माणसं आली, जीप उचलली. पण मग काय उपेग!"

जरीनानं विचारलं, "कोण हुता?" ती म्हणाली, "वळखीचा न्हवता बाई. दोघं बोलत हुते, पण मला आयकाय आलं न्हाय."

मी चहाची भांडी उचलून आत आले आणि चुलीपुढं बसून राहिले. तुला अक्षरं मी शिकवलीत, बसू. तुझा डावा हात आणि दातात धरलेली जीभ मला कुणी सांगायला नको.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते विसर. फौजदाराकडं जाऊ नको. मालकाला काहीतरी सांगून विजापूरला मामाकडं निघून जा. मी जरीनाला काही बोलले नाही. बोलणार नाही. तिच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा ते माझं मी बघेन. मला एकच भाऊ आहे.

अक्का


कोल्हापूर
२७ मे १९८४

अक्का,

तुझं पत्र ज्ञानू पेंटरनं इथं आणून दिलं. इथं म्हणजे तुरुंगात. पत्र खोलीवर आलं त्याच्या आदल्याच दिवशी मी फौजदाराकडं गेलतो. त्यामुळं जाळायचं राहिलं. साहेबानं फोडून वाचलं, मग दिलं.

तू ज्या दिवशी लिवलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरच्या स्टँडवर भाभी आली. सलिमाला कडेवर घेऊन सरळ माझ्या गाडीत, पुढच्या सीटवर बसली. म्हणाली, "बसूभाई, मला मालकाकडं न्या. दुसरी हिरवी जीप कुणाची, ते त्यांच्या तोंडावर विचारणार हाय." मग कोल्हापूरपातूर ती मला त्या चिमणाबाईचं सांगत आली. एकेक सांगितलं. पाटीचं, टोकनचं, डाव्या हाताचं. माझा डावा हात स्टिअरिंगवर हुता, अक्का. खाली घेता येईना आणि वर ठेवता येईना. सलिमाला झोप लागली, तिचं डोस्कं माझ्या दंडाला लागत हुतं.

मालकानं तिला फाटकाच्या आत घेतलं न्हाय. वरनं गड्याला सांगितलं, "चोराची बायको हाय, हाकल." ती गेली न्हाय. उन्हात फाटकाला धरून उभी राहिली. मी गाडीत बसून बघत हुतो. शेवटाला तिला परतीच्या एस्टीत बसवून दिलं.

मालकानं मला त्या पाट्या विहिरीत टाकायला सांगितल्या हुत्या. मी टाकल्या न्हवत्या, माझ्या ट्रंकेत हुत्या. का ठेवल्या ते मला सांगता यायचं न्हाय. सकाळी उठून त्याच घेऊन चौकीत गेलो. जत्रेची माणसं आवरंनात म्हणून मालकानं त्या दिवशी थोरलीबी आजरा लायनीला धाडली, हे सांगितलं. दोन गाड्यांचं, दोन टोकनांचं, सगळं सांगितलं. पाट्या मी काढल्या हेबी सांगितलं.

मालकाला धरलं. दोन दिसांत जामिनावर सुटला. मला जामीन कोण देणार? दाजींना विचारू नको.

बसू


कुरुंदवाड
२० जून १९८४

चि. बसूस आशीर्वाद.

दाजी जामिनाला तयार नाहीत. मी पुष्कळ बोलले. ते म्हणतात, शेजारी राहायचंय आपल्याला. त्यांचंही चुकत नाही.

फौजदार येऊन गेले. ख्वाजा चोर नव्हता, मालकाच्या कामावर होता, असं आता कागदावर आलं आहे. म्हाताऱ्याचा थोरला मुलगा येऊन सासूची माफी मागून गेला. पण विमा कंपनीचं उत्तर आलं की आमचा विमा त्या नंबरच्या खऱ्या गाडीचा, ही गाडी आमची नव्हेच. वकील म्हणतात मालकावर दावा लावा. मालकानं थोरलीही विकून टाकली म्हणे. जरीना आता जयसिंगपूरला तंबाखूच्या वखारीत जाते.

पाट्या कुणी काढल्या ते फौजदारांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मी दारातच होते. वाटलं, जरीना आता माझ्या अंगावर धावून येईल. ती म्हणाली, "मला जीपमधीच कळलंतं. हात बघितला की. म्हणूनच सगळं सांगत गेले. वाटलं, आता गाडी थांबवतील, आता बोलतील. कोल्हापूर आलं."

मग किती दिवस ती इकडं फिरकली नाही. काल संध्याकाळी माझ्या उंबऱ्यापाशी आली, आत आली नाही. म्हणाली, "शांताक्का, भावाला लिवताय न्हवं? त्यांस्नी विचारा, शेवटाला काय बोलले हे. पाणी मागितलं का? माझं, पोरीचं नाव काढलं का? खरं लिवायला सांगा."

खरं लिही.

अक्का


कोल्हापूर
२ जुलै १९८४

अक्का,

हे भाभीला वाचून दाखव. मधलं काय गाळू नको.

जत्रेची माणसं परत न्यायला मी मागनं रिकामी गाडी घेऊन येत हुतो. वळणावर आलो तर धाकटी उलटलेली. गाडी थांबवून पळालो. ख्वाजा कमरेपातूर गाडीखाली हुता. मला बघून म्हणाला, "बसू, पाय कळंना झालेत रं." तोंडावर रक्त न्हवतं. मला वाटलं न्हाय तो मरंल. त्यालाबी वाटलं नसंल.

तेवढ्यात माळावरनं जत्रेची माणसं पळत येताना दिसली. आणि माझ्या डोस्क्यात एकच आलं, की एका जागी एका नंबरच्या दोन गाड्या उभ्या हाईत. मी म्हटलं, "ख्वाजा, थांब, माणसं नंबर बघतील. पाट्या काढतो, मग तुला काढतो." तो म्हणाला, "व्हय, कर तुझं."

एवढंच बोलला. पाणी मागितलं न्हाय. भाभीचं नाव काढलं न्हाय, सलिमाचं न्हाय. काढलं म्हणून लिवलं असतं तर त्यांस्नी बरं वाटलं असतं. पण जागच्या जागी गेला म्हणून मी एकदा लिवून बसलोय. पुढची पाटी निघाल्यावर मी हाक मारली, तवा त्यानं ओ दिली न्हाय.

वकील म्हणतो, कोर्टात सांग की एकट्यानं जीप उचलली नसती. खरं हाय, उचलली नसती. पण हात तरी धरला असता. मी ते सांगणार न्हाय.

आणि एक. पाटी माझ्या गाडीची काढली असती तरी चाललं असतं. माझ्या गाडीखाली कोण न्हवतं. न्हायतर थोरली घेऊन तसाच पुढं गेलो असतो तरी एकच नंबर दिसला असता. तिथं ते सुचलं न्हाय. इथं रोज सुचतंय.

बसू


कुरुंदवाड
१५ जुलै १९८४

चि. बसूस आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. शब्द गाळला नाही. ती उंबऱ्याच्या बाहेर बसली होती, मी आत.

वाचून झाल्यावर म्हणाली, "ते काय म्हणाले, तेवढं परत वाचा." मी वाचलं, "व्हय, कर तुझं."

"असंच बोलायचे," ती म्हणाली. "जेवाय वाढू का म्हणून मी हाक मारली, आन् परत पोरीच्याच मागं लागले, तर असंच म्हणायचे. व्हय, कर तुझं. रागानं न्हाय. सावकाश." आणि मग ती रडली. मार्चपासून पहिल्यांदा. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. आतून सासू आली, गल्लीतल्या बायका दारात आल्या.

मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो उचलून बाजूला ठेवला. म्हणाली, "तुमच्यावर राग न्हाय, शांताक्का. पण हात नको."

नळावर आता ती गेल्यावर मी जाते.

तुझ्या कोर्टाच्या तारखेला मी एकटीच येणार आहे. दाजींना तसं सांगितलंय. घरचा डबा आत देतात का, तेवढं विचारून कळव.

अक्का